पोटखराब्यावरचा पाय

माझ्या नावापुढे बी.ए. लागलं ते किसनराव नानांमुळे. आई-वडिलांचं वेगळं, त्यांच्याशी कोणाची तुलना मी करत नाही. पण आमच्या घरात पदवीचा पहिला कागद आला तो नानांनी सायकलवरून ओढून आणला, आणि हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. खरोखरच सायकल होती, खरोखरच ओढलं होतं, आणि शेवटी शेवटी तर चाकात हवाही नव्हती.

नाना औंढा नागनाथच्या आमच्या ऑफिसात कालवा निरीक्षक होते. सिद्धेश्वर धरणाचं पाणी कोणाच्या शेतात किती गेलं हे सायकलवरून पाहत हिंडायचं, मोजणी करायची, पाणीअर्ज गोळा करायचे. मी तिथेच नवा कारकून, मॅट्रिक पास. माझ्या वडिलांनी त्याच कालव्याच्या खोदकामावर मजुरी केलेली. मी खुर्चीवर बसतो म्हणजे नेमकं काय करतो हे बघायला ते एकदा आले आणि दारातूनच बघून परत गेले. नाना त्यांच्या मागे धावत गेले आणि त्यांना चहा पाजूनच सोडलं. चहा पिताना वडिलांना म्हणाले, "पोरगं मुद्दा चांगला धरतंय तुमचं."

नानांच्या तोंडची यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती. उंच, हडकुळा माणूस. खाकी पँटच्या दोन्ही पायांना कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावलेले, ते ऑफिसातही निघत नसत. वाद घालताना ते बशीत चहा ओतून बशी ओठापर्यंत नेत आणि मुद्दा पूर्ण होईपर्यंत तिथेच धरून ठेवत. मुद्दा काही पूर्ण व्हायचा नाही. नानांनी गरम चहा प्यायलेला मी पहिल्या पाच वर्षांत पाहिला नाही. समोरचा भरकटला की म्हणत, "मुद्दा धरून बोल. दुसऱ्याच्या शेतात शिरू नको."

समोरचा म्हणजे बहुतेक वेळा लतीफभाई टेलर. त्यांचं दुकान आमच्या ऑफिसासमोर, चहाच्या हॉटेलला लागून. बुटके, गोल, गळ्यात कायम मोजपट्टी. दोघांची दोस्ती अशी की दिवसभरात एकदा तरी भांडण झालं नाही तर दोघांनाही करमत नसे.

पंच्याहत्तर सालाच्या आसपास धरणासाठी परदेशातून एक यंत्र आलं. यंत्र धरणावर गेलं, लाकडी पेटी आमच्या ऑफिसात राहिली. पेटीत यंत्राला धक्का लागू नये म्हणून जुनी वर्तमानपत्रं चुरगाळून भरलेली होती. साहेबांनी एक पान उलगडून सांगितलं, "फ्रेंच आहे." वाचता त्यांनाही येत नव्हतं. पण प्रत्येक पानावर फोटो होते, आणि प्रत्येक फोटोत सायकल.

नानांनी ती पानं घरी नेली, गादीखाली आठ दिवस ठेवून सरळ केली आणि हॉटेलच्या भिंतीवर खळीने चिकटवली. तेव्हापासून औंढ्यात फ्रान्सची शर्यत सुरू झाली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्याच हिवाळ्यात आमच्याकडे एक अखंड सायकलवाला येऊन गेला होता. मैदानात खांब रोवून, लाऊडस्पीकर लावून, सात दिवस सायकलवरून न उतरता तो गोल गोल फिरला. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, झोपही म्हणे सायकलवरच. नियम एकच : पाय जमिनीला टेकला की खेळ खलास. आम्हाला सायकलची मोठी करामत म्हणजे एवढी एकच माहीत. त्यात फ्रेंच पानांवरच्या तारखांचे आकडे लावून पाहिले तर शर्यत एकवीस दिवस चाललेली. नानांनी बशी ओठाशी धरून निकाल दिला, "आपला गडी सात दिवस उतरला न्हाई. हे गोरे एकवीस दिवस उतरत न्हाईत." कोणालाही शंका आली नाही. मलाही नाही.

पुरावे तर भिंतीवरच होते. एका फोटोत एक जण सायकल चालवता चालवता डोक्यावर बाटली ओतत होता. "आंघोळ," नाना म्हणाले. दुसरा पिशवीत हात घालून काही तरी खात होता. "जेवण." तिसऱ्याने हँडलवर डोकं टेकून डोळे मिटले होते. "झोप. बराबर?"

"आन् संडास?" लतीफभाईंनी विचारलं.

नानांनी सगळी भिंत तपासली. मग म्हणाले, "त्याचा फोटो कोण छापंल? इज्जतदार पेपर हाये."

नावं वाचता येत नसल्याने खेळाडूंना नावं आम्हीच दिली. लांब नाकाचा, तोंड उघडं टाकून सायकल रेटणारा तो नाकाड्या. छोट्या टोपीचा काठ वर दुमडलेला, हसरा तो टोपीवाला. नाना नाकाड्याच्या बाजूचे, लतीफभाई टोपीवाल्याच्या. नाकाड्या का, तर पाचपैकी तीन फोटोंत त्याच्या सदऱ्यात, खिशात, हातात पाण्याच्या बाटल्याच बाटल्या होत्या आणि तो त्या दुसऱ्यांना देत होता. "बघ, पाणीवाटप करून राहिला," नाना अभिमानाने म्हणत. "आपल्याच खात्याचा माणूस."

"नाना, टोपीवाल्याच्या गळ्यात चार फोटोंत हार हाय," लतीफभाई मोजपट्टीचं टोक फोटोवर आपटत म्हणत. "तुमच्या नाकाड्याला एक हार दाखवा. एक गजरा तरी दाखवा."

"हार घालून घ्यायला थांबावं लागतं. नाकाड्या थांबलाच न्हाई, म्हणून हार न्हाई."

"वा! म्हणजे ज्याला काहीच मिळालं न्हाई तो सबसे बडा?"

"मुद्दा धरून बोला, लतीफभाई."

लतीफभाईंचा अभ्यास कापडाच्या अंगाने चाले. या लोकांच्या सदऱ्याला खिसे पाठीमागे असतात, हे त्यांनी पहिल्यांदा हेरलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःसाठी तसा सदरा शिवला. पाठीला तीन खिसे. त्यात ते विडी, काडेपेटी आणि खडू ठेवत आणि नंतर दिवसभर गिऱ्हाइकांना म्हणत, "भाऊ, जरा मागून काडेपेटी काढून द्या की."

ठरलेले मुद्दे लिहून ठेवायचं काम नानांनी माझ्याकडे दिलं होतं. मी एका जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर ते क्रमांक घालून लिहीत असे. एकदा नानांनी ते सगळं वाचून काढलं. मग म्हणाले, "तू इथं काहून बसलास रे? बी.ए. कर." मी म्हणालो, आमच्यात कोणी केलं नाही. "आमच्यात बी न्हाई केलं. कोणी तरी करावं लागतं ना?" दुसऱ्याच दिवशी ते हिंगोलीहून बहिःस्थ विद्यार्थ्याचा अर्ज घेऊन आले. पुढे परीक्षेच्या महिन्यात मला वाचायला वेळ मिळावा म्हणून माझं आवक-जावक रजिस्टर तेच लिहीत. अक्षर वाईट होतं. त्या महिन्याचं जावक अजून कोणाला लागलं नसेल.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा तो फोटो सापडला. पेटीच्या तळाशी एक पान चिकटून राहिलं होतं. त्यात नाकाड्या रस्त्याच्या कडेला उभा होता. सायकलला पुढचं चाकच नाही. आणि एक पाय सरळ खाली.

लतीफभाई दुकान उघडं टाकून धावत आले. "टेकला! पाय टेकला! बाद!"

नानांनी चष्मा पुसला, फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला. "पाय दगडावर हाये."

"तो क्या हुआ?"

"दगड म्हणजे जमीन न्हाई. शेतात खडक असला तर सातबाऱ्यावर काय लिहितात? पोटखराबा. पोटखराब्याला आमी पाणीपट्टी लावत न्हाई. सरकार ज्याला जमीन धरत न्हाई, त्यावर टेकलेला पाय जमिनीवर टेकला असं कसं म्हणता?"

मुद्दा बिनतोड होता. लतीफभाईंनी पाठीमागे हात नेऊन विडी शोधली, ती हाताला लागली नाही, तेव्हा चिडून म्हणाले, "एकवीस दिन कोई आदमी दगडावर पाय ठेवून काम करू शकत न्हाई. तुमी करून दाखवा."

पैज तिथेच ठरली. मी ती लिहून घेतली. सकाळी ऑफिसची पायरी सोडल्यापासून संध्याकाळी परत पायरीवर येईपर्यंत नानांचा पाय जमिनीला लागता कामा नये. दगड आणि पक्कं बांधकाम चालेल. माती चालणार नाही. डांबरी रस्ताही नाही; त्यावर लतीफभाई अडून बसले. दिवस एकवीस. जो हरेल त्याने जिंकणाऱ्याला जन्मभर, चारचौघांत, 'उस्ताद' म्हणायचं. नानांनी आयुष्यात साहेबांनासुद्धा नुसतं 'साहेब' म्हटलं होतं, तेही तोंडातल्या तोंडात. त्यामुळे पैज मोठी होती.

पुढचे दिवस तालुक्यातल्या शेतकऱ्यांना आठवत असतील. नाना कालव्याच्या मोरीवर किंवा पुलावर सायकलवरून उतरायचे आणि तिथूनच हाका मारायचे. लोक अर्ज घेऊन मोरीपाशी येत. मोजणीची साखळी पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी धरी आणि नाना लांबून ओरडत, "डावीकडं! अजून डावीकडं!" एका म्हाताऱ्याने विचारलं, "नाना, खाली काहून उतरत न्हाई? साप हाये का?" नाना म्हणाले, "फ्रान्सची भानगड हाये." म्हातारा समजल्यासारखी मान हलवून गेला.

बाराव्या दिवशी साहेब तपासणीला आले. जीप शेताच्या मधोमध उभी राहिली आणि आजूबाजूला शंभर पावलांत एक दगड नव्हता. साहेबांनी हाक मारली. नाना सायकलवरून आले आणि साहेबांभोवती गोल फिरू लागले.

"किसनराव, उतरा की."

"बराबर हाये साहेब, तुमी विचारा. बारा नंबरची चारी साफ झाली." एक फेरी. "तेरा नंबरचं दार गळतंय." दुसरी फेरी. साहेब त्यांच्याकडे तोंड करून फिरत राहिले. पंधरा नंबरच्या चारीपर्यंत त्यांना भोवळ आली आणि ते जीपच्या पायरीवर बसले. ड्रायव्हरने सांगितलं, ऊन लागलं. नाना समाधानाने परतले, "बघ, एवढं मोठं इन्स्पेक्शन झालं, पाय टेकला न्हाई."

एकोणिसाव्या दिवशी माझा शेवटचा पेपर होता, इतिहासाचा. अडीच वाजता आहे म्हणून मी निवांत सकाळी साडेआठला ऑफिसात आलो, नानांच्या पाया पडून दुपारच्या बसने जावं म्हणून. नाना पायरीवर उभे होते. सहज म्हणून त्यांनी वेळापत्रक मागितलं.

"अरे, इथं अकरा लिहिलंय की."

मी पाहिलं. अडीचची ओळ दुसऱ्याच विषयाची होती. आठची बस गेलेली. पुढची बस मिळून उपयोग नव्हता. हिंगोली सोळा मैल. मी पायरीवर बसकण मारली. एक पेपर बुडाला की वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हिंमत होईल असं मला वाटत नव्हतं. वडिलांना काय सांगायचं एवढंच डोक्यात येत होतं.

"उठ. मागं बस," नाना म्हणाले. सायकल त्यांनी पायरीला लावूनच ठेवलेली असे.

"नाना, तुमची पैज?"

"पैजेत हिंगोलीला जायचं न्हाई असं लिहिलंय का? तूच लिहिलंय."

लिहिलं नव्हतं. मी कॅरियरवर बसलो. समोरून लतीफभाई दुकानाला कुलूप लावत ओरडले, "रुको! मैं भी येतो. सोळा मैल तुमचा पाय कोण बघणार?" पाठीच्या खिशांत घाईघाईने केळी कोंबून ते आपल्या सायकलवर मागोमाग निघाले.

नानांनी त्या दिवशी भिंतीवरची सगळी विद्या वापरली. कडब्याने भरलेला एक ट्रॅक्टर पुढे दिसताच त्यांनी सायकल त्याच्या मागे घातली. "फोटोत सगळे एकामागं एक काहून असतात? पुढला वारा खातो, मागला आरामात जातो." वारा ट्रॅक्टरने खाल्ला, कडब्याचा भुसा मी खाल्ला. तशातच त्यांनी माझी उजळणी सुरू केली.

"पेपरात फ्रान्सचं काही हाये का?"

"राज्यक्रांती आहे, नाना."

"सायकलीचं?"

"नाही."

"मग तुमचा अभ्यासक्रम अर्धवट हाये."

लतीफभाई बाजूने आले आणि पाठ आमच्याकडे करायचा प्रयत्न करू लागले. "निकाल रे बी.ए., पीछे से केळं निकाल. नानांना दे." मी एका हाताने त्यांच्या पाठीतून केळं काढलं, सोललं आणि पुढे वाकून नानांच्या तोंडात दिलं. समोरून येणाऱ्या गाडीवानाने बैलं थांबवून आमच्याकडे पाहिलं.

हिंगोली दोन मैलांवर असताना मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. नाना म्हणाले, "तू उतर. तुझ्या पायाला अट न्हाई." मी उतरून बाजूने पळू लागलो आणि ते बसलेल्या चाकावर सायकल रेटत राहिले. थोडं पुढे गेल्यावर रिम रस्त्यावर घासू लागली आणि सायकल चालेना. नाना दोन्ही पाय वर धरून कशीबशी तोल सांभाळत होते. माझ्या घड्याळात अकराला वीस कमी होते.

लतीफभाई उतरले. आपली सायकल त्यांनी पुढे केली. "नाना, ही घ्या." मग त्यांनाच आठवलं. सायकल बदलायची तर पाय टेकणार. दोन्ही बाजूंना काळी जमीन. त्यांनी मागे बोट दाखवलं, "मैलाचा दगड मागे राहिला. दीड फर्लांग. आपण तुम्हाला ढकलत नेतो."

नानांनी एकदा मागे दगडाकडे पाहिलं. एकदा माझ्या घड्याळाकडे. त्यांच्या जिभेवर डांबरी रस्त्याबद्दल एखादा मुद्दा असणारच; मी वाट पाहत होतो. दोन्ही पाय त्यांनी रस्त्यावर ठेवले.

"लतीफभाई, पाय टेकला. बघितलं ना?"

लतीफभाई बाभळीकडे बघत होते. "मैंने कुछ न्हाई देखा."

"मुद्दा धरून बोला!" नाना एकदम संतापले. "बघितलं का न्हाई?"

"देखा, नाना."

"मग झालं. बस रे मागं," लतीफभाईंच्या सायकलवर चढत नाना मला म्हणाले.

घंटा होऊन गेली होती, पण दार बंद व्हायच्या आत मी पोचलो. नाना बाहेरच्या लिंबाखाली बसले होते. पुढचं मला नंतर शिपायांनी सांगितलं : तासाभराने लतीफभाई पंक्चर झालेली सायकल ढकलत, पायी, घामाघूम होऊन आले. खिशात उरलेल्या केळ्यांचं शिकरण झालं होतं. त्यांना पाहताच नाना उठून उभे राहिले आणि परीक्षा केंद्राच्या सगळ्या शिपायांसमोर म्हणाले, "या, उस्ताद."

नाना शब्दाचे पक्के होते, आणि हीच लतीफभाईंची तकलीफ झाली. बाजारात, पोळ्याला, लग्नाच्या पंगतीत, जिथे भेटतील तिथे नाना लांबून हाक मारत, "उस्ताद, नमस्कार!" लतीफभाई रडकुंडीला येत. "नाना, बस करो. घरात पण विचारतात, उस्ताद कशाचे? काय सांगू?" नाना म्हणत, "शब्द म्हणजे शब्द." फक्त हॉटेलात नाकाड्याचा विषय निघाला की ते चहा गरम असतानाच पिऊन टाकत आणि उठत. ते मला बघवत नसे. त्यांना हरवलं होतं ते माझ्या अडीच वाजण्याने, आणि ते त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही.

निकाल लागायच्या आत माझी औरंगाबादला बदली झाली. निघायच्या दिवशी नानांनी माझी पुस्तकं त्या पाय टेकलेल्या पानात बांधून दिली. "हे इथं आता नको," एवढंच म्हणाले. बस सुटली तेव्हा ते लतीफभाईंच्या दुकानात दोन्ही हात पसरून उभे होते. लतीफभाई त्यांच्या छातीचं माप घेत होते आणि नाना रस्त्यापर्यंत ऐकू येईल असे ओरडत होते, "उस्ताद, काखेत ढिला ठेवा!" पँटचे चिमटे तसेच होते. नंतर आमची भेट झाली नाही.

औरंगाबादला मला फ्रेंच जाणणारे एक सर भेटले. ते पान मी त्यांच्याकडे नेलं. त्यांनी सावकाश वाचून सांगितलं, मी ऐकलं, आणि त्याच दिवशी नानांना पत्र लिहायला बसलो. तीन कागद फाडले. आम्हा कारकुनांचं असं आहे की 'प्रिय' लिहिलं की पुढे हात चालत नाही. 'विषय' लिहिला की चालतो. शेवटी जसं येत होतं तसंच लिहिलं. त्याची स्थळप्रत माझ्याजवळ आहे.

प्रति,
श्री. किसनराव नाना,
कालवा निरीक्षक, औंढा नागनाथ.

विषय : पाय टेकल्याबाबत.
संदर्भ : आपली व लतीफभाईंची हॉटेलातील वेळोवेळीची तोंडी चर्चा.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. सोबत आणलेला फ्रेंच कागद येथील जाणकारांकडून वाचून घेतला. सदर शर्यतीतील खेळाडू रोज संध्याकाळी सायकलवरून उतरतात, न्हाणीघरात आंघोळ करतात व गादीवर झोपतात असे दिसून येते. हे कळविण्यास वाईट वाटते.

२. पाय टेकण्याविषयी सदर शर्यतीत कोणताही नियम आढळून आला नाही. जमीन, दगड, बांधकाम व पोटखराबा असा भेदही तेथे करीत नाहीत.

३. फोटोतील नाकाड्या यांनी पाय टेकला, ही बाब खरी आहे. तथापि त्यांचे चाक मोडलेले नसून, त्यांनी आपले चांगले चाक स्वतः काढून टोपीवाला यांस दिलेले आहे. टोपीवाला यांचे चाक निकामी झाले होते. सदर दोघे एकाच संघाचे आहेत. नाकाड्या यांनी शर्यत कधीही जिंकलेली नाही. पाणी पोचविणे व वेळ आल्यास स्वतः मागे राहून दुसऱ्यास पुढे पाठविणे, हेच त्यांचे काम आहे.

४. सबब, हिंगोली रस्त्यावर आपला पाय टेकला त्यास हार म्हणता येत नाही. तसेच लतीफभाईंनी आपली सायकल काढून दिली, त्यावरून तेही आपल्याच संघाचे ठरतात. एकाच संघात कोणी कोणास उस्ताद म्हणावे हा आपला अंतर्गत प्रश्न आहे.

५. नाकाड्या यांस ते काम नेमून दिलेले होते. आपणास कोणी सांगितलेले नव्हते.

आपला विश्वासू,
(सही)
कनिष्ठ लिपिक

प्रत : लतीफभाई टेलर यांना माहितीसाठी.
सोबत : बी.ए.च्या गुणपत्रिकेची खरी नक्कल, एक.